पाळण्यापाशी कोण उभं आहे? मुलांचे घरगुती सोहळे आणि श्रद्धेची रुजवण

 

आजचा विषय आहे लहान मुलांचे घरगुती सोहळे, म्हणजे बारसं, उष्टावण, जावळ, बोरन्हाण, वाढदिवस, पाटीपूजन, आणि या सगळ्यातून मुलाच्या मनात श्रद्धा कशी रुजते. पालक आम्हाला नेहमी विचारतात, मुलाला देवाधर्माचं केव्हापासून शिकवायचं? शुभंकरोती कितव्या वर्षी घ्यायचं? स्तोत्रं पाठ करून घ्यावीत का? आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना धागा हातात राहील. लहान मूल श्रद्धा पाठांतरातून शिकत नाही. घरात सोहळा होतो तेव्हा कोण पुढे असतं, कोण मागे राहतं, कोण आनंदात असतं आणि कोण धास्तावलेलं असतं, हे ते बघत असतं. जे बघतं, तेच त्याला धर्म वाटायला लागतं.

हे आम्हाला एखाद्या पुस्तकातून कळलं नाही. घरातच कळलं, आणि जरा उशिरा कळलं. तेव्हा आधी तोच प्रसंग सांगतो.

आमच्या धाकट्याचं बारसं होतं. हॉल वगैरे घेतला नव्हता, घरीच केलं. पाळण्याला झेंडूच्या माळा, ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने लिहिलेलं नाव, भोवती सुवासिनी. पाळण्याखालून बाळ एकीच्या हातातून दुसरीच्या हातात दिलं गेलं, आत्याने कानात नाव सांगितलं, पाठीवर थापट्या पडल्या, कुर्रर्र झालं, घुगऱ्या वाटल्या. सगळं अगदी साग्रसंगीत. आमची थोरली तेव्हा साडेचार वर्षांची होती. तिच्या हातात आम्ही फुलांची परडी दिली होती, त्यामुळे ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाळण्याला चिकटून उभी.

चार-पाच दिवसांनी दुपारी ती बाहुल्यांचं बारसं मांडून बसली. चपलांचा रिकामा खोका म्हणजे पाळणा, त्यात रुमालात गुंडाळलेलं बाळ. बाकी सगळ्या बाहुल्या भोवती गोल करून उभ्या. फक्त एक बाहुली तिने लांब, कपाटाजवळ, भिंतीकडे तोंड करून बसवली होती. आम्ही सहज विचारलं, "हिला का गं तिकडे बसवलंस?"

ती म्हणाली, "ती आजी आहे. तिने ओवाळायचं नसतं. बाळाला बाऊ होतो."

हे तिला कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. तिचे आजोबा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. बारशाच्या दिवशी आमच्या आई सकाळपासून स्वयंपाकघरात घुगऱ्यांपाशी होत्या. पाळण्याजवळ हसणं-खिदळणं चाललं होतं, तेव्हा त्या दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना कुणी "येऊ नका" म्हटलं नव्हतं, पण "या" असंही आमच्यापैकी कुणी म्हटलं नव्हतं. आम्ही शिकलेली, नोकरी करणारी माणसं. विचारलं असतं तर आम्ही छातीठोकपणे म्हणालो असतो, आमच्या घरात असलं काही मानत नाहीत. पण मुलीने आमचं म्हणणं ऐकलंच नव्हतं, तिने आमचं वागणं पाहिलं होतं. आणि त्यावरून तिने एक नियम काढला होता: आजीचा हात बाळाला वाईट असतो. साडेचार वर्षांच्या मुलीची ही पहिली धार्मिक समजूत, आणि ती आम्ही तिला दिली होती.

मूल सगळं जसंच्या तसं का उचलतं?

आता हे असं का होतं ते पाहू. २००५ साली व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हायटन या दोन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका पेटीतून खाऊ काढायचा होता. दाखवणारा माणूस मुद्दाम काही निरुपयोगी हालचाली करायचा, म्हणजे काठीने पेटीवर ठोकायचं वगैरे, आणि मग खऱ्या दाराने खाऊ काढायचा. हेच चिंपांझींच्या पिल्लांना दाखवलं आणि तीन-चार वर्षांच्या मुलांनाही दाखवलं. पेटी अपारदर्शक होती तेव्हा दोघांनीही सगळ्या हालचाली केल्या. मग पारदर्शक पेटी आणली, म्हणजे ठोकण्याचा काही उपयोग नाही हे डोळ्यांना दिसत होतं. चिंपांझींनी ठोकणं सोडून दिलं आणि सरळ खाऊ काढला. माणसांची मुलं मात्र ठोकतच राहिली.

ऐकायला गंमत वाटते, पण यात माणसाच्या संस्कृतीचं गमक आहे. मूल असं धरून चालतं की मोठी माणसं जे करतात त्याला काहीतरी अर्थ असणार. म्हणूनच ते भाषा शिकतं, हात जोडायला शिकतं, उंबऱ्यावर पाय देऊ नये हे शिकतं. पण याच वाटेने आपल्या नको त्या गोष्टीही आत जातात. मूल चाळणी लावत नाही. दिवा ओवाळणं आणि आजीला मागे ठेवणं, या दोन्ही गोष्टी त्याच्या दृष्टीने एकाच विधीचा भाग असतात.

दुसरी गोष्ट वयाची. जेम्स फाउलर यांचं श्रद्धेच्या टप्प्यांवरचं पुस्तक १९८१ साली आलं. साधारण तीन ते सात या वयातली श्रद्धा चित्रांची आणि कल्पनेची असते, असं त्यांचं मांडणं आहे. या वयात मुलाला तत्त्वज्ञान कळत नाही, पण मनात उमटलेलं चित्र फार काळ टिकतं. त्याच्याही आधी, पहिल्या वर्षात, एरिक एरिक्सन म्हणतात त्याप्रमाणे, मूल एकच मोठी गोष्ट शिकत असतं: या जगावर विश्वास ठेवावा की नाही. भूक लागली की कुणी येतं का? रडलं की कुणी उचलतं का? देवावरच्या विश्वासाला लागणारी माती तिथेच तयार होते. सहा महिन्यांच्या बाळाला देव माहीत नसतो, पण भरवसा म्हणजे काय हे त्याला पक्कं माहीत असतं.

हे सोहळे मुळात कशासाठी होते?

आपल्याकडे सोळा संस्कार म्हणायची पद्धत आहे. पण ग्रंथांतही आकडा एक नाही. गौतम धर्मसूत्रात चाळीस संस्कारांची यादी आहे. नाव कितव्या दिवशी ठेवायचं यावरही मतं वेगवेगळी आहेत. कुठे दहावा दिवस सांगितलाय, कुठे बारावा. आपण बाराव्याला करतो म्हणून ते बारसं. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हे सगळे मतभेद मांडून ठेवले आहेत. आणि आपस्तंब धर्मसूत्राच्या शेवटी तर असं म्हटलंय की जे आचार इथे सांगायचे राहिले, ते स्त्रियांकडून आणि सर्व वर्णांच्या लोकांकडून समजून घ्यावेत. म्हणजे रीत ही दगडावर कोरलेली कधीच नव्हती. ती घराघरातल्या माणसांच्या हाताने घडत आणि बदलत आली आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या सोहळ्यांच्या मागे एक फार खरी काळजी होती. पाचव्या-सहाव्या दिवशी आपल्याकडे पाचवी पुजतात, सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, रात्री जागतात. ती बाळाचं नशीब लिहून जाते असं मानतात. या रात्रींची धास्ती का होती? नाळ अस्वच्छ हत्याराने कापली की बाळाला धनुर्वात व्हायचा, आणि त्याची लक्षणं जन्मानंतर साधारण तिसऱ्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत दिसतात. म्हणजे पाचवी-सहावी हा खरोखर घातवार होता. बाराव्या दिवसापर्यंत बाळ टिकलं, की मग नाव ठेवायचं आणि चारचौघांना बोलवायचं. आता आईला गरोदरपणात धनुर्वाताची लस मिळते, बाळंतपणं दवाखान्यात होतात, आणि माता व नवजात बालकांमधल्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं २०१५ साली भारताच्या बाबतीत मान्य झालं. सटवाईचा कोरा कागद ज्या भीतीतून आला, त्यातली एक मोठी भीती लसीने आणि स्वच्छतेने घालवली.

मग आता सोहळ्यात काय उरलं? कृतज्ञता उरली. बाळ आलं, टिकलं, वाढतंय, याबद्दल घराने हात जोडायचे आणि आपल्या माणसांबरोबर चार घास गोड खायचे. आम्हाला वाटतं मुलाला द्यायची श्रद्धा ती हीच. पण होतं काय, मूळची भीती गेली तरी भीतीच्या सवयी राहतात. आजीला मागे ठेवणं ही तशीच एक सवय.

भीती दाखवून शिकवलेला देव

थोडं याबद्दल बोलू, कारण हे जवळजवळ सगळ्या घरांत होतं. "जेवला नाहीस तर बाप्पा रागावेल." "खोटं बोललास तर देवबाप्पा कान कापेल." मूल तेवढ्यापुरतं जेवतं, त्यामुळे आपल्याला वाटतं उपाय चालला. पण मुलाच्या मनात काय चित्र बसलं? घरात एक अदृश्य माणूस आहे, तो सतत बघतो आणि शिक्षा करतो. पुढे त्याला ताप आला, पडून हात मोडला, तर ते मनातल्या मनात हिशेब मांडतं: मी काल आईशी खोटं बोललो होतो. या वयातली मुलं असं स्वतःकडे जोडून घेतात. आजोबा आजारी पडले तेही आपल्या हट्टामुळे, असं त्यांना वाटू शकतं, आणि ती ते कुणाला सांगत नाहीत.

म्हणून आमची एक साधी विनंती. शिस्तीचं काम देवाला लावू नका, ते आपलं काम आहे. जेवायला आपण सांगावं आणि खोटं बोललं तर आपण समजावावं. देवापुढे मुलाला उभं करायचं ते दिवा लावायला, फूल वाहायला, "आज शेजारच्या काकांना बरं वाटू दे" असं म्हणायला.

प्रत्येक सोहळ्यात मुलाचं स्वतःचं काम

हल्ली सोहळ्यांना हॉल, सजावट, फोटोग्राफर, एकसारखे कपडे असतात. आम्ही त्याला नावं ठेवणार नाही. हौस असते, आणि हौसेला मोल नसतं. पण एक गोष्ट तपासून बघा. ज्याचा सोहळा आहे ते मूल त्यात काही करतं का, की त्याला नुसतं सजवून बसवलेलं असतं? मुलाच्या मनात उरतं ते हाताने केलेलं. तेव्हा एकेक सोहळा घेऊ.

बारशात बाळ झोपलेलंच असतं, पण थोरल्या भावंडाचं हे मोठं वळण असतं. ताटातल्या तांदळावर नाव लिहिताना त्याचं बोट धरा. घुगऱ्यांचे द्रोण त्याला वाटू द्या. नवीन बाळामुळे आपण बाजूला पडलो असं त्याला वाटत असतं. काम मिळालं की जागा मिळते.

उष्टावण साधारण सहाव्या महिन्यात करतात. मामाच्या मांडीवर बसून चांदीच्या वाटीतली खीर चाटवतात. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि नंतर वरचं अन्न, हा आजचा वैद्यकीय सल्लाही याच वेळेला येऊन भेटतो. अंगणवाड्यांमध्येही याच कारणाने अन्नप्राशनाचा दिवस साजरा करतात. तिथे घास भरवण्याबरोबर आईला काय, किती, किती वेळा भरवायचं हे सांगितलं जातं. फक्त एक काळजी घ्या. काही घरांत बाळाला मध चाटवतात. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध देऊ नये, अगदी बोटभरही नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. रीत म्हणून गोड हवं असेल तर खिरीचा घास आहेच.

जावळ पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी, बऱ्याचदा कुलदैवताच्या ठिकाणी काढतात. इथे मूल हमखास रडतं, आणि चार जण त्याला धरून ठेवतात. घाई करू नका. आधी बाबांच्या डोक्यावरून नुसता वस्तरा फिरवून दाखवा, काढलेल्या केसांना हात लावू द्या, फारच घाबरलं तर थोडा वेळ थांबा. देवाच्या दारातली पहिली आठवण जबरदस्तीची नसावी. वस्तऱ्याचं पातं मात्र नवंच हवं, हे न विसरता सांगा.

बोरन्हाण संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे, बत्तासे. आता त्यात चॉकलेटही आलं. याची मजा अशी की भोवतीची मुलंच ते सगळं वेचतात. सोहळा एकाचा आणि लूट सगळ्यांची. वाटून घेण्याचा इतका चांगला धडा आम्ही दुसरा पाहिलेला नाही. फक्त कडक हरभरे आणि बोराच्या बिया छोट्यांच्या घशात अडकू शकतात, तेव्हा खाली बसलेल्या रांगत्या बाळांवर एका मोठ्या माणसाने लक्ष ठेवायचं. आणि घरकाम करणाऱ्या मावशींचं मूलही त्या वेचणाऱ्यांत असू द्या. ते दारात उभं राहून बघत असेल, तर आपल्या मुलाला तेही दिसत असतं.

पाटीपूजन दसऱ्याला. एकाच्या आकड्यांची सरस्वती आपण सगळ्यांनीच काढली आहे. मुलाला ती स्वतः काढू द्या. एक आकडा तिरका गेला तर गेला. आपण काढून दिलेल्या रेखीव सरस्वतीपेक्षा त्याची वाकडीतिकडी सरस्वती त्याला जास्त जवळची.

आणि वाढदिवस. केक की औक्षण, मेणबत्ती विझवायची की दिवा लावायचा, यावर घराघरात वाद होतात. आम्हाला यात वाद घालण्यासारखं काही दिसत नाही. सकाळी औक्षण, संध्याकाळी मित्रांबरोबर केक, दोन्ही सुखाने नांदतात. मुलाला आवर्जून एक मात्र करायला लावा. त्या दिवशी त्याने घरातल्या प्रत्येक मोठ्याला नमस्कार करायचा, आणि प्रत्येकाने त्याला त्याच्या गेल्या वर्षातली एक चांगली गोष्ट सांगायची. "तू पडल्यावर स्वतःच उठलास, मी बघितलं होतं." असा आशीर्वाद मुलं विसरत नाहीत.

आता तुमच्यापैकी काही जणांच्या घरी हे सोहळे वेगळे असतील. मराठी ख्रिस्ती घरात बाप्तिस्मा असतो, मुस्लिम घरात अकीका आणि चार वर्षं, चार महिने, चार दिवसांनी होणारी बिस्मिल्ला, बौद्ध घरात त्रिसरण-पंचशील म्हणून केलेला नामकरणविधी, बेने इस्रायली घरात आनंदाच्या प्रसंगी मलिदा. नावं वेगळी, पण मुलाचे डोळे सारखेच. त्यांना तिथेही हेच दिसतं: मला यात काम आहे का, घरची माणसं मनापासून करतात का, आणि कुणी दाराआड उभं आहे का.

दाराआडचं माणूस

आता पुन्हा आमच्या घरी येतो. बाहुलीचा प्रसंग झाल्यावर आम्ही ठरवलं, उष्टावणाला आईंनीच पहिलं ओवाळायचं. आम्हाला वाटलं आपण फार मोठं काम करतोय. आईंना सांगितलं, तर त्यांनी साफ नाही म्हटलं. आम्ही आग्रह केला, वाद घातला. शेवटी त्या म्हणाल्या, "माझा हात लागला आणि पोराला उद्या काही झालं, तर मी कुणाला तोंड दाखवू?"

तेव्हा कळलं की हा हट्ट नव्हता. नातवावरची मायाच होती, पण भीतीने वाकलेली. कितीतरी वर्षं त्यांनी इतर बायकांना असंच मागे सरलेलं पाहिलं होतं, आणि लहानपणी त्याही कुठल्यातरी पाळण्यापाशी परडी घेऊन उभ्या असणार. आम्ही गप्प बसलो. उष्टावणाला त्यांनी खीर केली, ओवाळलं नाही. रूढी मोडायची म्हणून आईंना चारचौघांत ओढून पुढे आणणं, हीसुद्धा एक जबरदस्तीच झाली असती.

पण एक काम आमचं होतं, ते आम्ही नंतर केलं. आईंजवळ बसून म्हटलं, "बारशाला आम्ही तुम्हाला हाक मारली नाही. चुकलो." मग नातेवाइकांना फोन करून आधीच सांगितलं, की यापुढे आमच्याकडे सवाष्ण आणि विधवा असा भेद नाही, कुणाला अवघड वाटत असेल तर आत्ताच बोला. दोघीतिघी नाराज झाल्या. एका मावशीने मात्र हळूच विचारलं, "म्हणजे मलाही चालेल ना?" तिला जाऊन विचारायचं कधी आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

हे केवळ एका घरापुरतं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड तुम्हाला आठवत असेल. मे २०२२ मध्ये त्या गावाच्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. ठराव गावाने करायचा असतो, तसा घरानेही करायचा असतो. मघाशी आपस्तंबाचं सांगितलं ते यासाठीच. रीत बदलायला शास्त्राची परवानगी शोधत बसायची गरज नाही. रीत घरातल्या बायकांनी सांगायची, असं खुद्द शास्त्रच म्हणतं.

थोरलीच्या पाचव्या वाढदिवसाला आईंनी तिला ओवाळलं. निरांजन हातात थरथरत होतं, म्हणून आत्याने ताटाला खालून हात दिला. सुपारी, अंगठी, अक्षता, सगळं नेहमीसारखं झालं. मुलगी नुसती ज्योतीकडे बघत होती. धाकट्याला मात्र आई अजून ओवाळत नाहीत. म्हणतात, "जरा मोठा होऊ दे." आम्ही वाट बघतोय. दर वेळी हाक मात्र मारतो, चुकवत नाही.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

आता आलेल्या प्रश्नांपैकी दोन घेतो.

पहिला असा: "आम्ही दोघंही देव मानत नाही. मग मुलांचे सोहळे करणं ढोंग होणार नाही का?" जे मनात नाही ते मुलापुढे करू नका, एवढंच आम्ही सांगू. मुलाला ढोंग फार लवकर कळतं. पण कृतज्ञतेला देव मानावाच लागतो असं नाही. बाळ सहा महिन्यांचं झालं, त्याने पहिला घास घेतला, घरची माणसं जमली. त्या घासामागे शेतकरी आहे, स्वयंपाक करणारी आजी आहे, एवढं म्हटलंत तरी पुरे. आजी-आजोबा देव मानत असतील तर त्यांचा दिवाही मुलाला बघू द्या. "आजीला असं वाटतं, आम्हाला असं वाटतं, आणि आम्ही एका घरात राहतो," हे मुलाला कळणं ही मोठीच गोष्ट.

दुसरा प्रश्न एका आजोबांचा आहे: "नात विचारते, आजी कुठे गेली? देवाघरी म्हटलं की म्हणते, मग देवाने तिला परत का पाठवलं नाही, देव वाईट आहे." आजोबा, आधी तिचा राग ऐकून घ्या. त्याला पाप म्हणू नका. "आजी झोपली" असं सांगू नका, मुलं मग झोपायला घाबरतात. "तिचं शरीर खूप आजारी होतं, ते थांबलं. ती परत येणार नाही. मलाही तिची आठवण येते," असं साध्या शब्दांत सांगा. देवाघरी असं तुम्ही मनापासून मानत असाल तर तेही सांगा, पण देवाने नेली असं म्हणू नका. आणि नातीच्या पुढच्या वाढदिवसाला आजीच्या हातचं जे गोड व्हायचं ते करा, तिच्या फोटोपुढे आधी ठेवा, आणि तो नैवेद्य नातीच्या हाताने ठेवू द्या.

वेळ होत आला. तुमच्या घरी पुढचा सोहळा कुठला असेल माहीत नाही, बोरन्हाण, पाटीपूजन, काहीही. पाहुण्यांची यादी करताना एक मिनिट थांबा आणि विचार करा: आपल्याकडच्या मागच्या कार्यात स्वयंपाकघरात कोण होतं? दारात कोण होतं? त्या माणसाला या वेळी आधी हाक मारा. नाही म्हणाले तरी मारा, आणि तुमच्या मुलाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मारा.

आज इथेच थांबू.